दृष्टीआडची सृष्टी : प्रस्तावना

सुमारे चाळीस वर्षांपूर्वी, कर्जत तालुक्यातील एका लहानशा गावी प्राथमिक शिक्षक म्हणून माझी नेमणूक झालेली असताना, तिसरीच्या वर्गातील एका मुलाच्या प्रगतिपुस्तकावर मी स्वहस्ते एक शेरा लिहिला : ‘फळ्याकडे लक्ष देत नाही.’ हा मुलगा पाढे तोंडपाठ म्हणे, ऐकलेली गोष्ट शब्दाला शब्द सांगे. परंतु फळ्यावरून उतरवून घेण्याची वेळ आली की त्याच्या पाटीवर ‘घर’चे ‘धर’ होई, ‘भात’चा ‘मात’ होई आणि बेरजेतला एक पुष्कळदा नऊ होऊन बसे. हा सारा हूडपणा आहे अशी माझी त्या वेळी खात्री होती, आणि त्या खात्रीच्या भरात मी त्याला शेवटच्या रांगेत बसवले, दोनदा छडीही मारली. पुढे एका शनिवारी मुलांना घेऊन शिवारात गेलो असता समोरच्या माळावर चरणारा काळविटांचा कळप सगळ्यांनी ओरडून ओरडून दाखवला, तेव्हा हा मुलगा इतरांच्या बोटांच्या रोखाने बराच वेळ पाहत राहिला आणि मग माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाला, “गुरुजी, मला तिकडं नुसता धुरळा दिसतोय.” त्या दिवशी माळावर धुरळा नव्हता. बाजाराच्या दिवशी त्याच्या वडिलांना बरोबर घेऊन मी त्याला नगरला नेले; दोन्ही डोळ्यांना उणे चारचा नंबर निघाला. चष्मा चढल्यावर त्याने प्रथम माझ्याकडे पाहिले आणि विचारले, “गुरुजी, तुमच्या भुवईवर वण हाये व्हय?” तोवर तो दोन वर्षे माझ्या वर्गात होता.

उणे चार या आकड्याचा अर्थ मला पुष्कळ उशिरा कळला. एक मीटर अंतराला त्या आकड्याने भागले की जे येते तेवढ्याच पल्ल्यापर्यंत अशा डोळ्याला चष्म्यावाचून स्पष्ट दिसते. म्हणजे त्या मुलाचे जग पंचवीस सेंटिमीटरांवर, जेमतेम वीतभर अंतरावर संपत होते, आणि फळा त्याच्यापासून वीस हातांवर होता. प्रस्तुत पुस्तक त्या वीतभर जगाचे ऋण फेडण्याच्या खटपटीतून निपजले आहे. मी वैद्यकशास्त्राचा पदवीधर नाही; जिल्हा परिषदेच्या शाळांतून हयात गेलेला एक शिक्षक आहे, आणि जे वाचले, नेत्रशिबिरांत स्वयंसेवक म्हणून वावरताना जे पाहिले व नेत्रवैद्यांना विचारून जे पडताळून घेतले, तेच येथे मांडले आहे. या साऱ्या काळात एक गोष्ट मला सतत डाचत आली. आपल्या खेड्यांत दृष्टीच्या प्रत्येक तक्रारीला ‘दिसायला कमी झालं’ एवढे एकच नाव आहे. परंतु या एका नावाखाली जे अंधार गोळा केले जातात त्यांचे स्वभाव परस्परांहून अगदी भिन्न असतात : कोणी साध्या काचेने हटतो, कोणी दहा वर्षांनंतरही शस्त्रक्रियेने हटतो, कोणी सातव्या-आठव्या वर्षानंतर सहसा हटत नाही, कोणी जेथे गाठला तेथे थोपवता येतो पण मागे ढकलता येत नाही, आणि कोणाला दोन दिवसांची सवलत दिली तर तो डोळाच घेऊन जातो. हा भेद ठाऊक नसल्यामुळे माणसे जेथे थांबले तरी चालले असते तेथे धावतात आणि जेथे धावायला हवे तेथे थांबतात.

दुसऱ्याच्या डोळ्यात अगदी जवळून पाहिले असता मधल्या काळ्या वर्तुळात आपलीच चिमुकली आकृती दिसते, म्हणून मराठीने त्या वर्तुळाला बाहुली म्हटले. संस्कृतातील कनीनिका या शब्दातही लहान मुलगीच दडलेली आहे, आणि ज्या फारसीने आपल्या दप्तरांत व बोलींत शेकडो शब्द रुजवले तिच्यातील मर्दुमक या शब्दाचाही अर्थ छोटासा माणूस असाच होतो. तीन भाषांनी जिला इतक्या जिव्हाळ्याने नाव दिले ती बाहुली वस्तुतः एक छिद्र आहे. भर उन्हात ते दोन मिलिमीटरांपर्यंत आकसते आणि काळोखात, तरुणपणी तरी, आठ मिलिमीटरांपर्यंत विस्फारते. मोठ्या बोराएवढ्या, म्हणजे सुमारे चोवीस मिलिमीटर व्यासाच्या नेत्रगोलकाच्या दर्शनी भागी पारपटल नावाची अर्ध्या मिलिमीटर जाडीची पारदर्शक काच असते. प्रकाश वळवण्याचे दोन-तृतीयांश काम हीच करते. उरलेले काम बाहुलीमागच्या भिंगाकडे असते. पारपटलात रक्तवाहिनी नाही, कारण रक्तवाहिनी आली की पारदर्शकता गेली. म्हणून ते आपला प्राणवायू अश्रूंतून, थेट हवेतून घेते. मागच्या बाजूला दृष्टिपटलावर मंद प्रकाशाला जागणाऱ्या सुमारे बारा कोटी दंडाकार पेशी आणि रंग व बारकावे टिपणाऱ्या साठ लाखांहून अधिक शंक्वाकार पेशी असतात, आणि त्या सर्वांच्या जबान्या मेंदूच्या हुजुरास पोचवण्यासाठी दृक्चेतेत तंतू मात्र दहा-बारा लाखच असतात. याचा अर्थ असा की हुजुरासमोर कागद जाण्यापूर्वीच डोळ्याच्या कचेरीत त्यांचा गोषवारा तयार झालेला असतो, आणि आपण ज्याला पाहणे म्हणतो ते या गोषवाऱ्याचे वाचन असते.

ही गोष्ट उमगायला मनुष्यजातीला दीड-दोन हजार वर्षे लागली, याचे मला फार नवल वाटते. डोळ्यातून किरण बाहेर जातात आणि वस्तूला स्पर्श करून परत येतात असे पुष्कळ ग्रीक पंडित मानीत, आणि चक्षू हे तैजस इंद्रिय मानणारे आपले नैयायिकही त्याच पक्षाचे होते. ‘नजर टाकणे’, ‘नजर पोचणे’, ‘नजर लागणे’ या आपल्या रोजच्या बोलण्यात ते मत अद्याप घर करून आहे. अकराव्या शतकाच्या आरंभी इब्न अल-हैथम या अरब पंडिताने प्रकाशच वस्तूकडून डोळ्यात येतो हे प्रयोगपूर्वक मांडले. पुढे सोळाव्या शतकात आपल्या नगरच्या दरबारी, बुरहान निजामशहाच्या सेवेत, गार्सिया द ओर्ता हा गोव्याचा पोर्तुगीज वैद्य येत-जात असे आणि शहाच्या पदरच्या हकिमांशी वनस्पतींच्या व औषधांच्या गुणधर्मांविषयी चर्चा करीत असे. त्याचा ग्रंथ १५६३ मध्ये गोव्यात छापला गेला. त्या काळच्या त्या दोन्ही परंपरांतील वैद्यांना प्रतिमा डोळ्यात नेमकी कोठे उमटते हे ठाऊक नव्हते. बहुतेकांचा कल भिंगाकडे होता. १६०० मध्ये नगरचा चांदबिबीचा किल्ला मोगलांच्या हाती गेला, आणि त्यानंतर अवघ्या चार वर्षांनी केप्लरने गणिताने दाखवून दिले की प्रतिमा दृष्टिपटलावर उमटते आणि ती उलटी उमटते. देकार्तने १६३७ च्या आपल्या ग्रंथात बैलाच्या डोळ्याची मागची आवरणे सोलून तेथे पातळ पापुद्रा लावण्याची आणि त्यावर खिडकीबाहेरचे उलटे दृश्य पाहण्याची कृती दिली आहे. उलटे चित्र सुलटे कोण करतो, असे मुले हमखास विचारतात. त्याचे उत्तर या पुस्तकाच्या दुसऱ्या प्रकरणात दिले आहे, आणि ते प्रकरण लिहिताना मला स्वतःला सर्वांत अधिक आनंद झाला.

आपल्या जिल्ह्यात, ज्याला आता अहिल्यानगर हे नाव मिळाले आहे आणि ज्याला आम्ही सारे पिढ्यान्‌पिढ्या नुसते नगर म्हणत आलो, दोन प्राणी असे आहेत की त्यांच्या शेजारी ठेवून पाहिल्यास माणसाच्या डोळ्याची जात ध्यानात येते. एक कर्जत तालुक्यातील रेहेकुरीच्या अभयारण्यातले काळवीट आणि दुसरा संगमनेर-अकोल्याकडच्या उसाच्या फडांत ठाण मांडून बसलेला बिबट्या. काळविटाचे डोळे मस्तकाच्या दोन बाजूंना असतात आणि बाहुली आडवी असते. मान न वळवता त्याला जवळजवळ सगळे क्षितिज दिसते, परंतु एकच वस्तू दोन्ही डोळ्यांनी पाहण्याचा त्याचा टापू अरुंद असतो. बिबट्याचे डोळे समोर असतात, कारण झेप टाकणाऱ्याला अंतराचा अदमास चुकून चालत नाही. शिवाय त्याच्या दृष्टिपटलामागे आरशासारखा थर असतो, जो निसटलेला प्रकाश पेशींकडे पुन्हा परतवतो, आणि म्हणूनच रात्री पाण्याची पाळी द्यायला गेलेल्या शेतकऱ्याच्या विजेरीच्या झोतात ते डोळे निखाऱ्यासारखे पेटतात. माणसाला समोरचे डोळे मिळाले, आरसा मिळाला नाही. आपली सगळी मिरास दृष्टिपटलाच्या मध्यावरच्या, टाचणीच्या डोक्याएवढ्या जागेत आहे, जेथे शंक्वाकार पेशींची दाटी असते. वाचणे, सुई ओवणे, चेहरा ओळखणे ही कामे तेथेच होतात. त्या जागी दंडाकार पेशी मात्र नसतात, म्हणून अंधुक तारा सरळ रोखून पाहिला तर नाहीसा होतो आणि नजर किंचित बाजूला नेली तर पुन्हा प्रकटतो. लग्नात वधूवरांना वसिष्ठाजवळची अरुंधती दाखवण्याचा प्रघात आहे. भटजींच्या बोटाकडे पाहून ‘दिसली’ म्हणून मोकळे होणाऱ्यांपैकी कित्येकांना ती दिसलेली नसते, हे मी अनेकांकडून नंतर खासगीत ऐकले आहे.

डोळ्याची लांबी आणि त्याची प्रकाश वळवण्याची शक्ती यांचा मेळ जमला नाही की चष्म्याचा प्रश्न उद्भवतो. नेत्रगोलक एक मिलिमीटरने लांब झाला तर सुमारे अडीच ते तीन नंबरांचा फरक पडतो. प्रतिमा दृष्टिपटलाच्या अलीकडेच जुळते आणि निकटदृष्टिता येते. गोलक आखूड असेल तर दूरदृष्टिता. पारपटल चेंडूऐवजी अंड्याप्रमाणे विषम वळलेले असेल तर उभ्या आणि आडव्या रेघा एकाच वेळी स्पष्ट दिसत नाहीत. यात रोग असा काही नाही, हाडापेराच्या ठेवणीसारखी ही एक ठेवण आहे, आणि तरीही मुलीला चष्मा लागला तर तिचे लग्न जमणार नाही या धास्तीने तो दडवणारी घरे मी पाहिली आहेत. अशा घरांतल्या मुलींनी फळ्याऐवजी शेजारणीच्या वहीकडे पाहून शाळा संपवली. चाळिशीची कथा याहून वेगळी. भिंग आयुष्यभर नवे तंतू धरत वाढते आणि ताठर होत जाते, समायोजनाची, म्हणजे जवळचे स्पष्ट दिसावे म्हणून आकार बदलण्याची, शक्ती ओसरते, आणि चाळिशीच्या आसपास प्रत्येक माणसाचा हात कागद धरून लांब लांब जाऊ लागतो. मराठीने वयालाही चाळिशी म्हटले आणि त्या वयाच्या चष्म्यालाही चाळिशीच म्हटले. इतके समर्पक नाव मला दुसऱ्या कोणत्या भाषेत आढळलेले नाही. ज्यांचे सारे काम नांगर, मोट आणि गुरे यांच्याशी, त्यांना ही उणीव फारशी जाणवत नसावी. छापील अक्षर घरात आले तेव्हा ती उघडी पडली. आणि नगर शहरी अमेरिकन मराठी मिशनने १८४२ मध्ये ‘ज्ञानोदय’ सुरू केला त्या काळापासून हे अक्षर आपल्या मुलखात फिरू लागले. आज तालुक्याच्या कचेरीत सातबाऱ्याच्या उताऱ्यावर ‘वाचता येत नाही’ म्हणून अंगठा उठवणाऱ्या कित्येक म्हाताऱ्यांना वाचता येते. त्यांच्याजवळ चाळिशी नाही, एवढेच. तिच्याअभावी माणूस निरक्षरांत जमा होतो, ही गोष्ट मला अतिशय क्लेशकारक वाटते.

मोतीबिंदूविषयी मी या पुस्तकात सर्वांत अधिक पाने खर्ची घातली आहेत, आणि त्याचे कारण उघड आहे. २०१५ ते २०१९ या काळात झालेल्या राष्ट्रीय पाहणीत पन्नाशी ओलांडलेल्या लोकांतील अंधत्वापैकी सुमारे दोन-तृतीयांश अंधत्वाचे कारण मोतीबिंदू आढळले. म्हणजे आपल्या देशात अंध म्हणून बसून राहिलेल्या वृद्धांपैकी बहुसंख्य लोक बरे होऊ शकणारे आहेत. सुश्रुताने यवाच्या टोकासारख्या शलाकेने गढूळ भिंग बाजूला सारण्याची क्रिया वर्णिली आहे. तिने भिंग डोळ्यातच राहत असे, फक्त वाटेतून हटत असे. ते बाहेर काढण्याची शस्त्रक्रिया फ्रान्समध्ये दाव्हिएलने १७४७ मध्ये केली. तरीही काढलेल्या भिंगाची जागा रिकामीच राही, आणि माझ्या लहानपणी मोतीबिंदू काढलेली माणसे बाटलीच्या बुडाएवढ्या जाड काचांचा चष्मा लावून, पायरी नसेल तेथे पाय उचलीत चालत. दुसऱ्या महायुद्धात लढाऊ विमानांच्या छताच्या पारदर्शक प्लास्टिकचे कण वैमानिकांच्या डोळ्यांत शिरूनही डोळा त्यांना निमूटपणे सोसतो, हे लंडनच्या हॅरॉल्ड रिडले यांच्या ध्यानात आले, आणि त्यांनी १९४९ मध्ये त्याच पदार्थाचे भिंग प्रथम माणसाच्या डोळ्यात बसवले. पुढे टाके नकोत, मुक्काम नको, अशी ही शस्त्रक्रिया सुकर झाली. लातूर जिल्ह्यातील एका खेड्यातून येऊन मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. तात्याराव लहाने यांनी एक लाखाहून अधिक शस्त्रक्रिया केल्या, हे आपल्या डोळ्यांदेखत घडले.

आणि तरीही माझ्या आजीने सहा वर्षे वाट पाहिली, कारण ‘अजून पिकला नाही’ असे तिला कोणी तरी सांगितले होते. या समजुतीचा उगम मी शोधून पाहिला तेव्हा असे दिसले की ती एके काळी अगदी निराधार नव्हती. जुन्या पद्धतीत सबंध भिंग बाहेर काढावे लागे, ते पूर्ण कडक झालेले असले म्हणजे वैद्याला सोयीचे पडे, आणि भिंग गेल्यानंतरची अडचण इतकी मोठी असे की दुसरा डोळा चालतो आहे तोवर थांबण्यातच शहाणपण होते. पद्धत बदलली, कारण संपले, पण सल्ला मात्र घराघरांत वतनासारखा चालत राहिला. आज परिस्थिती नेमकी उलटी आहे : फार पिकलेला मोतीबिंदू काढायला अवघड, आणि कधी कधी त्यातील द्रव्य पाझरून डोळ्यातील दाब एकाएकी वाढतो व जो डोळा उजळायचा तो ठणकून जातो. सुपारी निवडताना, जात्यात वैरण घालताना, समोरून येणाऱ्या गाडीच्या दिव्याने डोळे दिपताना रोजच्या कामाला अडथळा होऊ लागला की वेळ झाली असे समजावे. आजीची शस्त्रक्रिया शेवटी झाली. पट्टी निघाली त्या दिवशी तिने घरातल्या माणसांऐवजी आधी स्वतःच्या हातांकडे पाहिले आणि ते किती म्हातारे झाले म्हणून रडली.

काचबिंदू या नावात मोतीबिंदूशी यमक जुळते, पण त्याचा स्वभाव चोराचा आहे. डोळ्यात झरणारे पाणी नीट निचरले नाही की दाब वाढतो, दृक्चेतेचे तंतू एकेक करून मरतात, आणि दृष्टी कडेकडून आत खाल्ली जाते. मधली दृष्टी शेवटपर्यंत शाबूत राहत असल्यामुळे माणूस सुईत दोरा ओवतो आणि दाराच्या चौकटीला खांदा धडकवतो. गेलेला तंतू पुन्हा उगवत नाही. थेंबांनी किंवा शस्त्रक्रियेने उरलेले राखता येते, म्हणून चाळिशीनंतर, आणि आईवडिलांपैकी कोणाला हा विकार असेल तर विशेषेकरून, चष्म्याच्या दुकानात नंबर काढण्यावर न थांबता नेत्रवैद्याकडून दाब व दृष्टिपटल तपासून घ्यावे. मधुमेह्यांनी तर दरसाल. या दोन्ही बाबतींत मला याहून अधिक वक्तृत्व करायचे नाही.

ज्या विषयाने मला खरोखर हे पुस्तक लिहायला बसवले तो आता सांगतो. १९५० च्या सुमारास विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या उद्योगाने प्रवरेच्या काठी जो सहकारी साखर कारखाना उभा राहिला, त्याने या जिल्ह्याचे अर्थकारण पालटले, आणि बागायती तालुक्यांत ऊस वाढला तसतसे त्याच जिल्ह्याच्या कोरडवाहू कडेवरून, पाथर्डीतून, शेवगावातून, जामखेडातून, मजुरांच्या टोळ्या दर हंगामाला बाहेर पडू लागल्या. दिवाळी उरकली की मुकादमाची उचल घेतलेले नवराबायको, ज्यांना हिशेबात मिळून एकच ‘कोयता’ म्हणतात, मुलांसकट ट्रकात चढतात. नवरा तोडतो, बायको पाचट दूर करून मोळ्या बांधते आणि डोक्यावरून गाडीत चढवते. पहाटेपूर्वी काम सुरू होते आणि रात्री गाडी भरेपर्यंत चालते. उसाचे पाते ज्याने हाताळले आहे त्याला माहीत आहे की त्याच्या कडेला करवतीचे दाते असतात. ते पाते वाकून तोडणाऱ्याच्या डोळ्याला लागते. जखम इतकी लहान असते की आरशात दिसत नाही. परंतु पात्यावरची बुरशी त्या ओरखड्यातून पारपटलात शिरते, आणि तेथे रक्तवाहिनी नसल्यामुळे शरीराचे शिपाईही सावकाश पोचतात. दोन-चार दिवसांत डोळा लाल होतो, उजेड सोसत नाही, आणि बुबुळावर पांढरा ठिपका उमटतो.

याच चार दिवसांत त्या डोळ्याचा निकाल लागत असतो. टोळीतली एखादी जाणती बाई पदराच्या टोकाने कचरा काढू पाहते, कोणी दूध किंवा मध घालते. दवाखान्याला जावे तर दिवसाचा खाडा पडतो आणि खाड्याची रक्कम उचलीत चढते. शिवाय मुलूख परका, फडापासून रस्ता लांब. शेवटी औषधाच्या दुकानातून ‘लाल डोळ्याचे थेंब’ आणले जातात. अशा थेंबांत पुष्कळदा स्टिरॉइड असते. त्याने लाली ओसरते, ठणका कमी होतो, आणि डोळा बरा होतो आहे अशा समजात बुरशी मोकळेपणी पसरते, कारण तिच्याशी झुंजणारी शरीराची शक्ती त्या थेंबांनी निजवलेली असते. बुरशीवरचे नॅटामायसिनचे थेंब वेगळे असतात, ते आरंभी तासातासाला आणि पुढे कित्येक आठवडे घालावे लागतात. ते वेळेवर मिळाले नाहीत तर जखम भरताना मागे पांढरा डाग ठेवते, ज्याला आपण ‘फूल पडले’ म्हणतो. त्याला फुलाचे नाव कोणी दिले असेल, याचा विचार मनात आला की मी अस्वस्थ होतो. यानंतर एकच उपाय उरतो, दुसऱ्याचे पारपटल; ते मृत्यूनंतर सहा तासांच्या आत काढून घ्यावे लागते, आणि त्यासाठी रक्तगट जुळवावा लागत नाही. ऑस्ट्रियाच्या साम्राज्यात एदुआर्ट झिर्म याने १९०५ मध्ये असे पहिले यशस्वी रोपण केले, ते एका शेतमजुराच्या डोळ्यावर. माझे म्हणणे एवढेच की उचलीच्या हिशेबात कोयत्याबरोबर एक साधा पारदर्शक चष्माही प्रत्येकाला द्यावा, पाते लागल्याच्या दिवसाचा खाडा माफ करावा, आणि ‘पात लागली’ हे शब्द ऐकताच मुकादमाने माणूस दवाखान्यात पोचता करावा, असा कायमचा बंदोबस्त कारखान्यांनी करावा. हा खर्च साखरेच्या एका पोत्यात भागण्यासारखा आहे, आणि तो न करणे हा कसूर आहे.

दुष्काळाचा आणि डोळ्याचाही जुना संबंध आहे. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडायला बसलेल्या बायकांच्या डोळ्यांत कपच्या उडत, हे त्या पिढीतील कोणीही सांगेल. पण त्याहून खोल इजा ताटातून होते. मंद प्रकाश टिपणारे दृष्टिपटलातील रसायन जीवनसत्त्व ‘अ’ पासून बनते, ते आटले की दिवेलागणीला मूल भिंती चाचपू लागते, आणि रातांधळेपणाकडे दुर्लक्ष झाले तर पारपटल कोरडे पडून विरघळते. मूल आंधळे होते ते असे, एकदोन आठवड्यांत. पालेभाजी, पिवळी फळे, दूध, अंडे आणि १९७० पासून देशभर सुरू झालेल्या कार्यक्रमातील जीवनसत्त्वाची मात्रा यांनी हे चित्र बदलले. त्याच वर्षी जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे हे दांपत्य येऊन राहिले आणि त्यांनी गावोगावच्या, बहुधा निरक्षर, पुष्कळदा दलित स्त्रियांना आरोग्यसेविका म्हणून तयार केले. १९७९ मध्ये त्यांना मॅगसेसे पारितोषिक मिळाले. जिला स्वतःला अक्षर येत नव्हते ती बाई गावाच्या आरोग्याची नोंद तोंडपाठ ठेवू लागली, हा प्रयोग नगर जिल्ह्याने जगाला दिलेल्या गोष्टींत मी फार वरच्या जागी मांडतो. धूळ, माशा आणि पाण्याची टंचाई यांवर पोसणाऱ्या खुपऱ्या या रोगाचाही सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न म्हणून भारतातून अंत झाल्याचे जागतिक आरोग्य संघटनेने २०२४ मध्ये जाहीर केले, याची नोंद येथे कृतज्ञतेने करतो.

वाहन हाकणाऱ्यांसाठी एक स्वतंत्र प्रकरण जोडले आहे. एस. टी. ची पहिली गाडी १ जून १९४८ रोजी पुण्याहून नगरला आली. त्या रस्त्यावर आज रात्रंदिवस ट्रकांची रांग असते, आणि ज्याला लाल-हिरव्यातील भेद कळत नाही किंवा समोरच्या दिव्यानंतर पुढचा रस्ता दिसायला वेळ लागतो अशा चालकाने काय करावे, हे त्यात सांगितले आहे.

आता मुलांकडे वळतो, कारण आरंभ तेथूनच केला होता. जन्मतः मेंदूला पाहता येत नसते. दोन्ही डोळ्यांतून स्पष्ट चित्रे येत राहिली तर तो पहिल्या सात-आठ वर्षांत पाहायला शिकतो. एका डोळ्याला मोठा नंबर असेल किंवा तो तिरळा असेल तर मेंदू त्याची जबानी नोंदवणेच बंद करतो, आणि त्या मुदतीनंतर चष्मा लावला तरी असा आळशी राहिलेला डोळा सहसा शिकत नाही. काही घरांत चकणेपणा भाग्याचा मानतात. त्या भाग्यापायी एक डोळा जातो. दुसरा डोळा उत्तम असल्यामुळे मूल तक्रार करीत नाही, आणि हंगामात आईबापांबरोबर फडावर गेलेल्या मुलाची तर तपासणीच होत नाही, कारण तपासणीच्या दिवशी हजेरीपटावर त्याच्या नावापुढे गैरहजर असा शेरा असतो. त्या मुलांसाठी शिक्षकाने हंगामाआधी, जून-जुलैमध्येच, ही तजवीज करावी. आणखी एक : मोबाइलकडे पाहताना पापणी मिटायची विसरते आणि तासन्‌तास जवळ पाहणाऱ्या मुलांत निकटदृष्टिता वाढते. रोज दोनेक तास उघड्या उजेडात खेळणे ही वाढ रोखायला उपयोगी पडते असे नेत्रवैद्य सांगतात.

पुस्तकाचा टाइप मुद्दाम मोठा घेतला आहे. शेवटच्या पानावर अक्षरांऐवजी तीन दात्यांच्या दंताळ्यासारख्या आकृत्या लहान लहान होत गेलेल्या आहेत, म्हणजे ज्याला अद्याप अक्षर येत नाही अशा मुलाचीही परीक्षा घेता येईल; सर्वांत वरची आकृती सुमारे नऊ सेंटिमीटर उंच असून निरोगी डोळ्याला ती साठ मीटरवरून ओळखू यावी, आणि सहा मीटरवरून ओळखू यावयाची आकृती नऊ मिलिमीटरांहूनही थोडी कमी आहे. हे पान अलगद निघावे म्हणून त्याच्या कडेला छिद्रे पाडून घेतली आहेत. ते काढून उजेडाच्या भिंतीवर मुलाच्या डोळ्यांच्या उंचीवर लावावे, सहा मीटर मोजून खडूने रेघ ओढावी, मुलाला रेघेवर उभे करून एक डोळा त्याच्याच तळहाताने, दाब न देता, झाकावा, आणि दात्यांचे तोंड कोणीकडे आहे ते त्याला बोटांनी दाखवायला सांगावे. मग दुसरा डोळा. सुरुवात वर्गाच्या शेवटच्या रांगेपासून करावी.